नकाशा पाहून सामान: चौघांच्या स्क्वॉडने कुठे काय उचलावं

गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीतल्या मंडळाने बीजीएमआयची (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा लढाईचा खेळ: विमानातून नकाशावर उडी मारायची, तिथलं सामान उचलायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं) स्पर्धा ठेवली होती. मी, माझा आतेभाऊ, धाकटा भाऊ आणि शेजारचा बारावीतला मुलगा असा आमचा स्क्वॉड होता. चौघंही रोज खेळणारे, नेमही बरा. तरी लिव्हिक नावाच्या लहान नकाशावरच्या सामन्यात आम्ही सुरुवातीलाच बाद झालो. नंतर आतेभावाने रेकॉर्डिंग लावलं आणि चौघांच्या पाठीवरच्या पिशव्या एकेक करून पाहिल्या. दोन कार९८के, एक एसएलआर (दोन्ही लांबून मारायच्या बंदुका), दोघांकडे आठ-एक्स स्कोप (आठपट जवळ दाखवणारी दुर्बीण), चौघांत मिळून स्मोक (धुराचा बॉम्ब) एकही नाही, आणि घरात घुसून मारता येईल अशी बंदूक एकाकडेच. दोन किलोमीटरच्या नकाशावर आम्ही आठ किलोमीटरच्या नकाशाचं सामान घेऊन फिरत होतो.

नेम कसा धरावा हे शिकवणारे इंदूरमध्ये गल्लोगल्ली भेटतात. सामान चौघांत कसं वाटावं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही नुकतीच टीम बांधली असेल तर तुमच्यासाठी हे लिहिते आहे. सगळी उदाहरणं बीजीएमआयमधली आहेत. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलबद्दल शेवटाकडे थोडं सांगितलं आहे.

१. आधी हे जवळ असू द्या

फोनमध्ये जागा मोकळी ठेवा. बीजीएमआयमधले नकाशे वेगळे डाउनलोड करावे लागतात. ऐन वेळी "माझ्याकडे मिरामार नाहीये" म्हणणारा एक जण प्रत्येक टीममध्ये निघतो, म्हणून आदल्या दिवशीच चौघांचे फोन तपासा. इअरफोन वायरचा घ्या. ब्लूटूथवर पावलांचा आवाज किंचित उशिरा येतो आणि लहान नकाशावर तेवढा उशीर जिवावर बेततो. चार्जर हवा, आणि एक साधी वही हवी. वही कशाला, ते शेवटी कळेल.

स्पर्धेत उतरणार असाल तर प्रत्येकाचा खेळातला आयडी नंबर प्रोफाइलमधून उतरवून घ्या. खेळातलं नाव बदलता येतं, आयडी बदलत नाही, म्हणून नाव आणि आयडी दोन्ही लिहून द्या. आमच्याकडून वयाच्या दाखल्यासाठी आधारची झेरॉक्स आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या सहीचं पत्र मागितलं होतं. शेजारच्या मुलाचं पत्र आम्ही स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्याच्या बाबांना ऑफिसात गाठून आणलं. तुम्ही ते आठवडाभर आधी घ्या.

आणखी एक अडचण याच मुलामुळे कळली. २०२३च्या मे महिन्यात हा खेळ भारतात परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि बाकीच्यांना ६ तास अशी मर्यादा घातली गेली. त्याने दुपारभर सराव केला आणि संध्याकाळी ऐन सामन्यात त्याची वेळ संपली. उरलेला सामना आम्ही तिघांनी खेळलो. टीममध्ये लहान कोणी असेल तर त्याचे तास सामन्यासाठी राखून ठेवा.

२. नकाशाचा आकार डोळ्यांसमोर आणा

"मोठा नकाशा, छोटा नकाशा" असं सगळे म्हणतात, पण आकडा पाहिल्याशिवाय फरक अंगात मुरत नाही. एरँगल आणि मिरामार ८ बाय ८ किलोमीटरचे आहेत. सॅनहॉक ४ बाय ४, लिव्हिक २ बाय २, नुसा तर १ बाय १. एरँगल आणि सॅनहॉकवर १०० खेळाडू उतरतात, लिव्हिकवर ५२, नुसावर ३२.

आता भागाकार करा. एरँगलवर एका चौरस किलोमीटरला दोन माणसंही येत नाहीत. सॅनहॉकवर सहा येतात, लिव्हिकवर तेरा, नुसावर बत्तीस. इंदूरमध्ये सांगायचं तर एरँगलची एक बाजू म्हणजे राजवाड्यापासून जवळजवळ विमानतळापर्यंतची वाट. नुसा म्हणजे राजवाडा, सराफा, कापड मार्केट आणि शीतलामाता बाजार, संपलं. रात्री सराफ्यात गराडू खायला गेल्यावर समोरचा माणूस किती हातांवर असतो ते आठवा. सुपर कॉरिडॉरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर माणूस केवढा दिसतो तेही आठवा. बंदूक या दोन अंतरांवरून निवडायची असते.

अंतराबरोबर वेळही बदलतो. पायी धावत एक किलोमीटर कापायला अडीच-तीन मिनिटं लागतात. एरँगलवर झोन (खेळ पुढे जाईल तसं लहान होत जाणारं सुरक्षित वर्तुळ) तीन किलोमीटर लांब पडला, तर वाटेत कोणी भेटलं नाही तरी आठ मिनिटं नुसतं पळण्यात जातात. म्हणून मोठ्या नकाशावर गाडी हाही सामानाचाच भाग धरा. लिव्हिकवर गाडी मिळाली तर उत्तम, न मिळाली तरी चालतं.

३. चार कामं चौघांत वाटा

सामान वाटायच्या आधी कामं वाटा. पुढे घुसणारा एक. त्याच्या खांद्याला खांदा लावून जाणारा दुसरा. लांबून नजर ठेवणारा तिसरा. चौथा सांभाळणारा, म्हणजे औषधं आणि स्मोक जास्त बाळगणारा, पडलेल्याला उठवणारा. कुठे जायचं हे यांपैकी एकानेच सांगायचं. आमच्यात ते आतेभाऊ सांगतो, कारण तो घाबरत नाही आणि त्याचा आवाजही चढत नाही.

यात भांडण ठरलेलं असतं. सगळ्यांना पुढे घुसायचं असतं किंवा सगळ्यांना स्नायपर हवी असते. माझा धाकटा भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण मी त्याच्याकडून एम२४ काढून घेतली. मी त्याला सरावातले दहा सामने दाखवले. लांबून त्याचे नॉक (समोरच्याला जमिनीवर पाडणं) मोजके होते, जवळून भरपूर. मग तो स्वतःच म्हणाला, "ताई, मी पुढे जातो." कोण कशात चांगला हे असं मोजून ठरवा, आवडीवर सोडू नका.

४. गोळीचा हिशेब

नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बीजीएमआयमधल्या रोजच्या बंदुका मुख्यतः दोन गोळ्यांवर चालतात. ५.५६ची गोळी एम४१६, स्कार-एल आणि मिनी१४ला लागते. ७.६२ची गोळी एकेएम, एम७६२, एसकेएस, एसएलआर, डीपी-२८, कार९८के आणि एम२४ला लागते. ७.६२चा मार जास्त, पण झटकाही जास्त, आणि ती पिशवीत ५.५६पेक्षा जास्त जागा खाते.

पहिला नियम एका माणसाचा. तुमच्या दोन्ही बंदुका शक्यतो एकाच गोळीच्या असू द्या. एम४१६बरोबर मिनी१४, किंवा एकेएमबरोबर कार९८के. एम४१६ आणि कार९८के ही जोडी पुष्कळांची लाडकी आहे आणि मोठ्या नकाशावर ती चालते, कारण बोल्ट अ‍ॅक्शनला (दर गोळीनंतर खटका ओढावा लागणाऱ्या बंदुकीला) गोळ्या थोड्याच लागतात. पण एम४१६ आणि एसएलआर एकत्र घेतलीत की दोन्ही गोळ्यांचा ढीग बाळगावा लागतो आणि औषधांची जागा जाते.

दुसरा नियम चौघांचा, आणि तो नकाशावर अवलंबून आहे. लहान नकाशावर चौघांनीही मुख्य बंदुकीला एकच गोळी वापरावी, असं माझं ठाम मत आहे, आणि ती ५.५६. कारण सरळ आहे. तिथे लढाईला लढाई लागून येते, लुटायला वेळ नसतो. एकाच्या गोळ्या संपल्या तर शेजारच्याने तिथल्या तिथे टाकता आल्या पाहिजेत. "दादा, गोळ्या दे" म्हटल्यावर "माझ्याकडे ७.६२ आहे" हे उत्तर आलं की त्या घरातून तुम्ही बाहेर पडत नाही.

मोठ्या नकाशावर उलट. तिथे चौघांनी एकच गोळी धरली तर एका गावातली लूट पुरत नाही. तीन घरांतली ५.५६ चौघांत वाटली की कोणालाच पुरेशी होत नाही आणि ७.६२चे डबे जमिनीवर तसेच राहतात. तिथे दोघं ५.५६वर आणि दोघं ७.६२वर अशी विभागणी करा. जोड्याही तशाच लावा: जे दोघं एकत्र फिरणार, त्यांची गोळी एक. पुढची जोडी ५.५६, मागची जोडी ७.६२, असं आमचं ठरलेलं आहे. मागच्या जोडीत लांब नजर ठेवणारा असतो आणि बोल्ट अ‍ॅक्शन बंदुकांपैकी कार९८के आणि एम२४ या ७.६२वरच चालतात, म्हणून हे आपोआप जुळतं.

गोळ्या किती घ्याव्यात? पुढे घुसणाऱ्याने दोनशेच्या आसपास. लांब नजर ठेवणाऱ्याला बोल्ट अ‍ॅक्शनसाठी तीस-चाळीस पुष्कळ झाल्या. नवखे चारशे गोळ्या घेऊन फिरतात आणि दोन फर्स्ट एड किट वाटेत टाकून देतात. चारशेपैकी तीनशे गोळ्या मरताना त्यांच्या पिशवीतच असतात.

५. लहान नकाशा: लिव्हिक, नुसा

दोघांकडे तरी घरातली बंदूक हवी. यूएमपी४५ किंवा उझी घ्या. शॉटगन घ्यायची तर एस१२के घ्या, कारण तिच्यात पाच गोळ्या बसतात. एस६८६मध्ये दोनच बसतात. दोन्ही चुकल्या की बंदूक भरेपर्यंत समोरचा तुम्हाला सोडत नाही. सगळ्यांची मुख्य बंदूक एम४१६ किंवा स्कार-एल ठेवा.

स्नायपर एकही नको, असं मी म्हणत नाही. पण एकाहून जास्त नको, आणि तीही मिनी१४सारखी, म्हणजे गरज पडली तर मधल्या अंतरावर भराभर मारता येईल आणि गोळीही सगळ्यांसारखीच राहील. आठ-एक्स स्कोप सापडला तरी सोडून द्या. रेड डॉट, होलो असे जवळचे स्कोप, फार तर तीन-एक्स.

हातबॉम्ब भरपूर घ्या. लिव्हिकवरची अर्धी भांडणं घराच्या आत किंवा दारात होतात आणि आतल्या माणसाला बाहेर काढायचा सगळ्यात स्वस्त उपाय हातबॉम्बच आहे. मॉलोटोव्ह म्हणजे आगीच्या बाटलीनेही खोली रिकामी होते.

लुटायची वेळ उतरण्याआधीच ठरवा. आमचा नियम असा: प्रत्येकी दोन घरं, मग जे मिळालं त्यावर निघायचं. सगळ्यात भक्कम, लेव्हल तीनचं हेल्मेट शोधत फिरणारा माणूस लेव्हल एकच्या हेल्मेटमध्येच मरतो.

६. मधला नकाशा: सॅनहॉक, विकेंडी

सॅनहॉकवर दाट झाडी, नद्या आणि चढउतार आहेत. चोरलच्या जंगलात पावसाळ्यात गेला असाल तर अंदाज येईल: दहा पावलांवरचा माणूस झुडपात लपतो आणि समोरच्या टेकडीवरचा मात्र स्पष्ट दिसतो. म्हणून इथे दोन्ही अंतरांची तयारी लागते. प्रत्येकाकडे एक असॉल्ट रायफल (एम४१६, एकेएमसारखी) असावी, दोघांकडे एसकेएस, एसएलआर किंवा मिनी१४, दोघांकडे जवळची बंदूक. तीन-एक्स आणि चार-एक्स स्कोप इथे सोन्यासारखे आहेत. सप्रेसर मिळाला तर तो झाडीत असलेल्याला द्या. आवाज कुठून आला हे कळलं नाही की समोरची टीम भलत्याच झाडावर गोळ्या घालते.

सॅनहॉकवरच्या बूटकँप या गर्दीच्या जागी उतरत असाल तर मात्र ते लहान नकाशासारखंच समजा.

विकेंडी ६ बाय ६ किलोमीटरचा आणि बर्फाचा. उघड्या बर्फावर माणूस लगेच उठून दिसतो, त्यामुळे सॅनहॉकपेक्षा स्मोक जास्त ठेवा. बाकी सामान तेच.

७. मोठा नकाशा: एरँगल, मिरामार

इथे सगळ्यात आधी पिशवी. लेव्हल दोनची तरी मिळेपर्यंत गाव सोडू नका. मग गाडी. ज्याचं सामान आधी पूर्ण होईल त्याने गाडी शोधायला निघायचं, बाकीच्यांनी लूट संपवायची. एका गाडीत चौघांनी बसायचं की दोन गाड्या घ्यायच्या? दोन घ्या. एकीचा टायर फुटला किंवा ती जळली तरी दुसरी उरते, आणि उघड्यावर सापडलात तर दोन गाड्या आडव्या लावून आडोसा करता येतो. मात्र धूर निघू लागलेल्या गाडीमागे थांबू नका, ती फुटते. पेट्रोलचा एक कॅन चौघांत मिळून पुरे.

लांब नजर ठेवणाऱ्याला कार९८के किंवा एम२४ द्या, सोबत सहा-एक्स किंवा आठ-एक्स. या दोन्ही बंदुकांची डोक्यावरची एक गोळी लेव्हल दोनच्या हेल्मेटमधूनही माणसाला पाडते, पण लेव्हल तीनचं हेल्मेट असेल आणि माणूस पूर्ण ताकदीत असेल तर तो वाचतो. तेही फोडायचं तर एडब्ल्यूएम ही स्नायपर लागते. ती एअरड्रॉपमध्ये, म्हणजे विमानातून पडणाऱ्या पेटीत मिळते आणि तिच्या गोळ्या फार थोड्या मिळतात. एअरड्रॉपमागे धावणं नवख्या टीमला परवडत नाही. मी स्वतः तीन वेळा त्यात टीम घालवली, तेव्हा कळलं.

दुसऱ्याला एसएलआर किंवा एसकेएस. पुढच्या दोघांकडे एम४१६ आणि सहा-एक्स किंवा चार-एक्स. सहा-एक्स असॉल्ट रायफलवर बसतो, आठ-एक्स बसत नाही, त्यामुळे आठ-एक्स सापडला की तो मागच्या जोडीला द्या. शॉटगन नको. पेकाडो किंवा पोचिंकीसारख्या गजबजलेल्या गावात उतरलात तर तेवढ्यापुरती वापरा आणि निघताना टाकून द्या. हे टाकून देणं फार जणांना जमत नाही. ज्या बंदुकीने पहिले दोन नॉक दिले तिच्यावर जीव जडतो आणि मग ती उघड्या माळावरही पाठीवर राहते.

एरँगलवर दक्षिणेच्या बेटावर, मिलिटरी बेसला उतरायचा मोह सगळ्यांनाच होतो. लूट उत्तम आहे. पण झोन उत्तरेकडे पडला की तिथून निघायला दोन पूल आहेत आणि पुलांवर वाट पाहणारे असतात. बेसला जायचं ठरवलंत तर प्रत्येकाकडे दोन-दोन स्मोक आणि एक गाडी असल्याशिवाय पुलावर पाय ठेवू नका. शक्य असेल तर होडी घ्या.

मिरामारवर झाडं नाहीत म्हटलं तरी चालेल. तिथे आडोसा म्हणजे खडक, टेकडीचा उतार आणि तुमचा स्वतःचा स्मोक. एरँगलपेक्षा दीडपट स्मोक न्या.

८. जोडण्या

थोडक्यात सांगते. एम४१६ला नळीचं तोंड, ग्रिप, मॅगझिन, दस्ता आणि स्कोप अशा पाचही जागी जोडण्या बसतात. एम७६२ला दस्ता बसत नाही. एकेएमला दस्ताही नाही आणि ग्रिपही नाही. त्यामुळे व्हर्टिकल ग्रिप सापडली आणि तुमच्याकडे एकेएम असेल तर ती पिशवीत साठवू नका, ओरडून सांगा आणि ज्याला हवी त्याला द्या. नवखा असाल तर झटका कमी करणारा कॉम्पेन्सेटर आधी लावा, आवाज दाबणाऱ्या सप्रेसरचा विचार नंतर करा. झटका हातात आल्याशिवाय आवाज लपवून उपयोग नाही.

स्किनवर, म्हणजे बंदुकीच्या रंगरूपावर पैसे घालवू नका. इथे स्किनने गोळीचा मार वाढत नाही. आणि "यात झटका शून्य होतो" म्हणून कोणी बाहेरची एपीके फाइल पाठवली तर ती उघडूही नका. अकाउंट कायमचं बंद होतं, फोनही धोक्यात येतो.

९. औषधं आणि स्मोक

फर्स्ट एड किट आणि पट्ट्या ताकद ७५ टक्क्यांपर्यंतच नेतात. पुढचं मेडकिट करते किंवा एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलर हळूहळू करतात. ड्रिंकने बूस्ट (जोम) १००पैकी ४० भरतो, पेनकिलरने ६०, म्हणजे एक-एक घेतलं की बूस्ट पूर्ण. मोठ्या नकाशावर पळण्याआधी हे दोन्ही घ्या, बूस्ट जास्त असला की धावण्याचा वेगही वाढतो.

लहान नकाशावर प्रत्येकी दोन-तीन फर्स्ट एड किट आणि चार-पाच ड्रिंक पुरतात. मोठ्यावर पाच किट, आणि मेडकिट मिळाली तर सांभाळणाऱ्याकडे. स्मोक मात्र सगळ्यांकडे हवेत. आम्ही आधी सगळे स्मोक सांभाळणाऱ्याकडे दिले होते. मग तोच आधी नॉक झाला, स्मोक त्याच्या पिशवीत आणि आम्ही उघड्यावर. पडलेल्याला उठवायला साधारण १० सेकंद लागतात, आणि आडोशाशिवाय ती १० सेकंद कोणी देत नाही.

१०. आधीच सामान ठरवायच्या खेळात

कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलच्या ५ विरुद्ध ५ सामन्यांत जमिनीवरून काही उचलायचं नसतं, लोडआऊट (बंदुका आणि सामानाचा संच) आधी बांधून न्यायचा असतो आणि बंदुकीला पाच जोडण्या लावता येतात. विचार मात्र तोच. शिपमेंट आणि न्यूकटाउन हे लहान नकाशे सराफ्यासारखे दाटीचे: सबमशीन गन, शॉटगन, हातबॉम्ब अडवणारी ट्रॉफी सिस्टिम आणि स्फोटाचा मार कमी करणारा फ्लॅक जॅकेट पर्क. क्रॉसफायर या नकाशात मधून लांब रस्ता जातो, तिथे एक स्नायपर आणि दोन असॉल्ट रायफल ठेवा. मेल्यावर परत येताना लोडआऊट बदलता येतो, म्हणून जवळचा, मधला आणि लांबचा असे तीन बांधून नावं देऊन ठेवा. पाचही जणांनी एकाच वेळी स्नायपर घेतली की जिंकण्यासाठी जी जागा धरावी लागते ती धरायला कोणीच उरत नाही, ही तिथली नेहमीची चूक.

११. सराव आणि वही

ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन प्रत्येक स्कोपची सेन्सिटिव्हिटी वेगळी जुळवा. रेड डॉटवर हात बसला म्हणजे सहा-एक्सवर बसलाच असं नाही. त्यासाठी दोन संध्याकाळी द्या.

मग वही काढा. प्रत्येक सामन्यानंतर चार गोष्टी लिहा: नकाशा कुठला, कोण किती अंतरावरून मेला, त्या वेळी त्याच्या हातात काय होतं, आणि पिशवीत न वापरलेलं काय उरलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आमच्या वहीत लिव्हिकच्या पानांवर "आठ-एक्स" आणि "७.६२च्या गोळ्या" इतक्या वेळा आलं की पुढच्या आठवड्यात त्या उचलायला कोणाचा हातच गेला नाही. एरँगलच्या पानांवर "स्मोक संपले" हे वाक्य आलं, म्हणून आम्ही प्रत्येकी एक हातबॉम्ब कमी करून एक स्मोक वाढवला. वीस-पंचवीस सामन्यांची पानं झाली की प्रत्येक नकाशाची चार ओळींची यादी करून ती चौघांच्या फोनवर पाठवा. विमानात बसल्यावर तीच वाचायची आणि उडी मारायची.